गोदामाला जागा कोणती?

वसंत व्याख्यानमालेत संत येतात, इतिहास येतो, आरोग्य येते. गोदाम क्वचितच येत असेल. पण जो माणूस तीस वर्षे हमालांच्या संघटनेत वावरला, त्याला जगातली बरीचशी कोडी गोदामाच्या दारातूनच दिसतात, त्याला इलाज नाही. प्रश्न तसा साधा आहे. गाव वाढू लागले, शहर वाढू लागले, की माल साठविण्याच्या जागाही वाढतात. त्या कोठे वाढाव्यात हे कोणी ठरवावयाचे? जमिनीच्या मालकाने, भाडे देणाऱ्या व्यापाऱ्याने, की सर्वांसाठी केलेल्या नियमाने? आणि तो नियम करताना त्या जागेत जो माणूस पाठीवर पोते घेऊन उभा असतो त्याचा हिशेब धरावयाचा की नाही? हा शेवटचा प्रश्न नियमांच्या पुस्तकांत फारसा सापडत नाही. आम्ही ती पुस्तके शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आहेत, म्हणून सांगतो.

आमच्या मराठवाड्यात गावची जमीन दोन शब्दांत वाटली जात असे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. ज्वारीचे पेव खणावयाचे ते पांढरीत, उंचवट्यावर, कारण काळ्या मातीत ओल धरते आणि पावसाळ्यात दाणा कुजतो. कडब्याची गंज मात्र घराला चिकटून रचीत नसत; ती खळ्याकडे, मळ्यात, चुलीच्या ठिणगीपासून लांब. रोजच्या खाण्याचे धान्य घरातल्या बळदात नाहीतर कणगीत. म्हणजे कोणता माल कोठे ठेवावा याचा नियम आपल्या वाडवडिलांकडे होता. तो लिहिलेला नव्हता. मोडणाऱ्याला गाव बोल लावी, एवढीच त्याची शिक्षा. आज नगररचनेत ज्याला झोनिंग किंवा वापर-विभाग म्हणतात, ते मुळात याहून वेगळे नाही. नकाशावर पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. काळी-पांढरीचे दोन रंग होते, त्यांचे चार-पाच झाले.

या रंगांना कायद्याचे बळ मुंबई इलाख्यात १९१५ च्या नगररचना कायद्यापासून येऊ लागले. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे तो इतिहास आपला नव्हे. आपल्याला लागू आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ सालचा. त्याच्या आधारे शहराची विकास योजना होते, आणि कोणत्या रंगाच्या जागेवर काय बांधता येईल, किती रुंद रस्त्यावर, चहूबाजूंनी किती मोकळी जागा सोडून, हे विकास नियंत्रण नियमांत लिहिलेले असते. पूर्वी प्रत्येक नगरपालिकेचे नियम निराळे. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने बृहन्मुंबई आणि काही थोडी क्षेत्रे वगळून साऱ्या राज्यासाठी एकच नियमावली केली. तिला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली म्हणतात. नाव लांबलचक आहे आणि पुस्तक त्याहून लांब. पण जालन्याच्या माणसाला आता पुण्याच्या माणसाचेच पुस्तक वाचावे लागते, ही गोष्ट सोयीची झाली.

आता, हा विषय आजच का काढला? शहागडच्या पुलावर दोन घटका उभे राहिले तरी उत्तर मिळते. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला, २११ चा ५२ झाला, आणि पाचोड, वडीगोद्री, शहागड, गेवराई या ओळीतल्या प्रत्येक गावी रस्त्यालगतच्या शेताकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. उत्तरेला समृद्धी महामार्ग जालन्यावरून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. जालन्याजवळच्या सुक्या बंदराची पायाभरणी २०१५ साली झाली. २०२३ साली जालन्याची नगरपरिषद जाऊन महानगरपालिका आली. जेथे रस्ता येतो तेथे ट्रक थांबतो, आणि जेथे ट्रक थांबतो तेथे आज ना उद्या पत्र्याची शेड उभी राहते. कापसाची, खताची, बियाण्याची, सळईची, आणि आता घरपोच वस्तू पाठविणाऱ्या कंपन्यांचीही.

त्यात करांचाही हात आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. त्यापूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागे. पण तोच माल दुसऱ्या राज्यातल्या आपल्याच गोदामात नुसता हलविला तर तो लागत नसे. म्हणून मोठ्या कंपन्या प्रत्येक राज्यात एकेक लहानमोठे गोदाम ठेवीत. ते कारण संपले. आता कंपनी दहा ठिकाणची दहा गोदामे मोडून एकच अजस्र गोदाम बांधते, आणि ते हमरस्त्यालगत, स्वस्त जमिनीवर बांधते. गोदामाची जागा जमीनमालक ठरवीत नाही, सरकारही नेहमी ठरवीत नाही. पुष्कळदा ती कराच्या आकड्यांनी ठरते. हे वाक्य जरा लक्षात ठेवावे, कारण यापुढची सारी भिवंडी त्यात आहे.

भिवंडी आपल्याला मागाचे गाव म्हणून ठाऊक. पण गेल्या काही दशकांत तिच्या भोवतालची काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही खेडी देशातल्या सर्वांत मोठ्या गोदामवस्त्यांपैकी एक होऊन बसली. ती तेथेच का झाली? मुंबईत शिरणाऱ्या मालावर नाक्यावर जकात द्यावी लागे. व्यापाऱ्याने माल आत आणला की विकला जाण्यापूर्वीच त्याचे पैसे करात अडकत. शिवाय जो माल पुढे नाशिकला किंवा गुजरातेत जावयाचा, त्याला मुंबईत नेऊन जकात भरण्यात काहीच हशील नव्हते. तेव्हा माल मुंबईच्या वेशीबाहेर ठेवावा, पण मुंबईहून ट्रक दिवसात दोन खेपा करील इतक्या जवळ. ही खेडी मुंबईच्या हद्दीबाहेर, आणि भिवंडी पालिकेच्याही हद्दीबाहेर. तेथे होती ग्रामपंचायत, खाडीकाठची भातखाचरे आणि नाशिकचा रस्ता. व्यापाऱ्याला याहून काय हवे?

शेतकऱ्याचेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. भाताच्या एका खाचरात वर्षाकाठी जे पिके, त्याच्या कितीतरी पट भाडे एका शेडचे मिळू लागले. शेजाऱ्याने शेड घातली, मग याने घातली. परवानगी कोणाची? पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीवर काम भागविले गेले. पण ना-हरकत म्हणजे विकास परवानगी नव्हे. गावठाणाबाहेर एवढे मोठे बांधकाम मंजूर करण्याचा अधिकार पंचायतीला नव्हता, आणि ज्यांना अधिकार होता त्यांचे लक्ष नव्हते. २००७ साली सरकारने तेथील ५१ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला खास नियोजन प्राधिकरण नेमले. नियोजन प्राधिकरण आले तेव्हा गोदामे आधीच उभी होती. नियम मागून आला, आणि मागून आलेल्या नियमाला दोनच गोष्टी करता येतात: पाडणे किंवा माफ करणे. पाडावे तर हजारोंची रोजी जाते. माफ करावे तर ज्या अरुंद रस्त्यावर अग्निशामक गाडी वळत नाही तो रस्ता माफी दिल्याने रुंद होत नाही. या दोहोंत वर्षे जातात, कज्जे चालतात, आणि शेडमागे शेड उभी राहतच असते.

त्या पट्ट्यात आपल्याकडची माणसे पुष्कळ आहेत. मराठवाड्यात पाऊस हुकला की बायकामुलांसह ऊसतोडीला जाणारे जातात, आणि उरलेल्यांतले काही भिवंडीची वाट धरतात. संघटनेच्या कामानिमित्त आमचे तिकडे जाणे झाले, तेव्हा एका ठिकाणी आम्ही हमालांना विचारले, तुमची माथाडी मंडळात नोंद आहे काय? एक जण हसून म्हणाला, "दादा, ह्या गोदामाचीच कुठं नोंद नाही, तर आमची कुठून असंल?" ते गोदाम कोणाचे हे येथे सांगण्याचे कारण नाही. पण त्या माणसाने जे एका वाक्यात सांगितले ते आम्हांला नगररचनेच्या कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही.

कायद्याने असे असू नये, हे खरे. १९६९ च्या माथाडी कायद्याने अंगमेहनतीच्या असंघटित कामगाराची नोंदणी मंडळाकडे होते. मजुरी मालकाने परस्पर न देता मंडळात भरावयाची, आणि त्यातून मजुराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाड्यांना घेऊन केलेल्या लढ्याचे ते फळ, आणि पुण्यात डॉ. बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीनेही ती वाट रुंद केली. इमारत अनधिकृत असली म्हणून तिच्यातला हमाल या कायद्याबाहेर जात नाही. पण व्यवहार निराळा. ज्या मालकाची इमारत कागदावर नाही, तो कोणत्याही कागदावर येण्यास भितो. अग्निशमन अधिकाऱ्याला बोलावले तर परवाना विचारील. मंडळात नोंद केली तर पत्ता द्यावा लागेल. म्हणून तो वीज एका नावावर घेतो, भाडेकरार दुसऱ्या नावावर करतो आणि हमाल मुकादमाच्या वहीत ठेवतो. नकाशावर गोदामाला जागा नाही म्हणून कायद्यात मजुराला जागा नाही, अशी ही साखळी आहे. वापर-विभागाचा नियम म्हणजे श्रीमंतांच्या बंगल्यांपुढे ट्रक येऊ नयेत म्हणून केलेली सोय, असे आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांना आमचे सांगणे असते की आधी भिवंडीस जाऊन या.

२९ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारी वळ गावातल्या वर्धमान कंपाउंडमधील इमारत कोसळली. खाली गोदाम, वर कुटुंबे राहात होती. आठ माणसे गेली. खाली काम करणारे आणि वर राहणारे एकाच ढिगाऱ्यात सापडले. झोनिंग म्हणजे काय, हे कोणी विचारले तर आम्ही व्याख्या सांगत बसत नाही, हीच गोष्ट सांगतो. राहण्याच्या मजल्याखाली मालाचे ओझे नको, हा पांढरी आणि खळे वेगळे ठेवण्याचाच नियम आहे. राहण्याच्या घराची जमीन जेवढा भार धरून बांधतात त्याच्या कितीतरी पट भार साठवणुकीच्या जमिनीला धरावा लागतो. घर म्हणून बांधावे आणि गोदाम म्हणून भरावे, यात जो फरक पडतो तो कागदावरचा नसतो, तुळईवरचा असतो.

आगीची गोष्टही येथेच सांगावी. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ नावाचे जहाज फुटले. त्याच्या पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी शेजारी शेजारी होत्या. कापसाला आग लागली, ती विझेना, आणि दारूगोळ्यापर्यंत गेली. शेकडो माणसे मेली, त्यांत ६६ अग्निशामक जवान होते. गोदीभोवतीची गोदामे जळाली. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. दूरची आणि अलीकडची गोष्ट म्हणजे लेबाननमधील बैरूतची. तेथील बंदराच्या वखारीत सुमारे २७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे पडून होते, आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे गेली. वखारीपासून हाकेच्या अंतरावर लोकवस्ती होती. दोन्ही ठिकाणी माल धोक्याचा होता हे खरे, पण नाश झाला तो शेजारामुळे. म्हणून आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत साठवणुकीच्या इमारतींचा वर्ग निराळा आणि धोक्याच्या मालाच्या इमारतींचा त्याहून निराळा ठेवला आहे. ज्वारीचे गोदाम आणि कीटकनाशकाचे गोदाम बाहेरून सारखेच दिसते, पण नियमाने ते भाऊ नव्हेत.

येथपर्यंत ज्या गोदामाची गोष्ट केली, त्यात आत काय आहे हे निदान गोदामवाल्याला ठाऊक असते. आपल्या राज्य वखार महामंडळाची स्थापना १९५७ ची. शेतकरी तेथे तूर, सोयाबीन ठेवतो, वखारवाला वजन करून पावती देतो, आणि त्या पावतीवर बँक कर्ज देते. पावतीवर मालाचे नाव, वजन, प्रत लिहिलेली असते. माल वखारवाल्याच्या ताब्यात, जबाबदारीही त्याची. आता शहरांत निराळाच धंदा आला आहे. त्याला सेल्फ-स्टोरेज म्हणतात. एका मोठ्या इमारतीत लहान लहान खोल्या पाडावयाच्या, त्या महिन्याच्या भाड्याने द्यावयाच्या, आणि कुलूप ज्याचे त्याच्याकडे. मुंबई-पुण्यात घरे लहान, बदल्या वारंवार, परदेशी जाणारी मुले; घरचे सामान, दुकानाचा जास्तीचा माल, कचेरीच्या जुन्या फायली लोक अशा खोल्यांत ठेवू लागले आहेत. हेही शहराच्या वाढीचेच लक्षण. आम्हांला त्यात गैर काही वाटत नाही. बळद घरात मावेना, म्हणून घराबाहेर गेले.

परंतु नियम करणाऱ्यापुढे येथे नवी अडचण उभी राहते. याला म्हणावयाचे काय? दुकान म्हणावे तर येथे काही विकले जात नाही. कारखाना म्हणावा तर येथे काही घडत नाही. गोदाम म्हणावे तर गोदामवाला म्हणतो, मी माल ताब्यात घेतच नाही, मी नुसती खोली देतो. आत गादी आहे की रंगाचे डबे, मला काय ठाऊक? अग्निशमन अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट स्थिती, कारण पाणी मारावे की फेस मारावा हे आत काय आहे त्यावर ठरते. आमच्या मते अशा इमारतीला नियमाने गोदामच समजावे, मालकाने भाडेपत्रात काय लिहिले आहे ते पाहू नये. कुलूप कोणाचे यावरून आगीचा स्वभाव बदलत नाही. लहान खोल्या, घरगुती सामान, रुंद रस्ता आणि आग विझविण्याची पुरी व्यवस्था असेल तर व्यापारी भागात तिला जागा द्यावी. राहण्याच्या इमारतीच्या तळघरात मात्र कदापि देऊ नये.

आणि दुसरी अडचण आहे ती आमच्या धंद्याची. सेल्फ-स्टोरेजच्या मोठ्या इमारतीतही काम करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक दारात, एक कचेरीत, एखादा झाडलोटीला. तेवढ्याच जागेत लहान कारखाना असेल तर कितीतरी घरे पोसली जातात. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात हाच वाद झाला. तेथे कारखान्यांसाठी राखलेल्या पट्ट्यांत या कुलूपबंद खोल्यांच्या इमारती येऊ लागल्या, कारण त्यांना भाडे देणे परवडे आणि लहान कारखानदाराला परवडेना. डिसेंबर २०१७ मध्ये तेथील नगरसभेने नियम केला की नेमलेल्या औद्योगिक पट्ट्यांत अशी नवी इमारत बांधावयाची तर तिच्यात कारखानदारीसाठीही जागा ठेवावी, नाहीतर खास परवानगी घ्यावी. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणतात त्या शहराने जमिनीचा हिशेब भाड्यावर न करता रोजगारावर केला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. आपल्या नियमावलीत एखाद्या भूखंडावर किती चौरस मीटर बांधता येईल हे दशांशापर्यंत लिहिलेले असते. त्या चौरस मीटरमध्ये किती माणसांना काम मिळेल, हा स्तंभ तेथे नाही. तो असावा असे आम्ही गेली काही वर्षे सांगत आलो आहोत. ऐकणारा अजून भेटावयाचा आहे.

माल हलविताना माणसांचा हिशेब धरला गेला, असे उदाहरण आपल्या राज्यात नाही असे मात्र नाही. मुंबईच्या मस्जिद बंदर, भायखळा भागातील घाऊक बाजार गल्लीबोळांत इतके कोंदले होते की हातगाडीला वाट मिळत नसे. सरकारने ते बाजार नव्या मुंबईत वाशीला न्यावयाचे ठरविले. १९८१ साली कांदा-बटाट्याचा बाजार गेला, मागून मसाला व धान्य, आणि १९९६ साली फळे-भाजीपाला. व्यापारी कुरकुरले, हमालही आधी धास्तावले, कारण बाजार एवढा लांब गेला तर रोज जावयाचे कसे? पण तेथे आधी जागा आखली होती, रस्ते ट्रकच्या मापाने ठेवले होते, आणि कोपरखैरणे-घणसोलीकडे सिडकोने माथाड्यांसाठी घरे बांधली. ती घरे फार मोठी नव्हती, आणि मिळण्यास झगडावे लागले. तरी जेथे पोते जाते तेथे पोते उचलणाऱ्याच्या चुलीलाही जागा लागते, हे एकदा नकाशात मान्य झाले. भिवंडीत आणि वाशीत एवढाच फरक: वाशीला नकाशा आधी होता.

आता आपल्या दारात येऊ. शहागडला गोदाम येऊ नये असे म्हणणारे आम्ही नव्हे. आले तर येथल्या पोरांना काम मिळेल, पुण्या-मुंबईची वाट धरावी लागणार नाही. पण ते कोठे यावे याबद्दल गोदावरीने आपल्याला एक नियम आधीच घालून दिला आहे. २००६ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात जायकवाडीतून मोठे पाणी सुटले, तेव्हा काठावरची गावे काय भोगून गेली हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. पूररेषेचे दोन रंग असतात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषांच्या मधे बंधने पाळून. नदीकाठची सपाट जमीन पुलाजवळ असते, रस्त्यालगत असते, म्हणून गोदामवाल्याच्या डोळ्यात तीच प्रथम भरते. खताच्या आणि कीटकनाशकाच्या गोदामात पुराचे पाणी शिरले तर ते पाणी पुढे ज्या गावांच्या विहिरींत जाते, त्यांना गोदामाचे भाडे मिळालेले नसते.

जमीन देणाऱ्याने आणखी एक पाहावे. शेतजमिनीच्या बिनशेती वापराच्या पद्धतीत सरकारने अलीकडच्या वर्षांत वरचेवर बदल केले आहेत, आणि दलाल त्याचा अर्थ सोयीने सांगतात. परवानगी लागत नाही असे कोणी म्हणाले, तर कोणती लागत नाही ते विचारावे. बिनशेतीचा प्रश्न निराळा, बांधकामाची परवानगी निराळी, अग्निशमनाचा दाखला निराळा, हमरस्त्यावर वाहन उतरविण्याची परवानगी आणखी निराळी. शेतकरी भाडेकरारावर सही करतो, कंपनी नऊ-दहा वर्षांनी निघून जाते, आणि नोटीस येते ती सातबारावर ज्याचे नाव आहे त्याच्या घरी. १९६६ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली विनापरवाना बांधकाम हा गुन्हा आहे, आणि जमीन तुमची असल्याने तुम्ही त्यातून सुटत नाही.

गोदामासाठी ग्रामसभेपुढे ना-हरकतीचा अर्ज आला तर आम्ही स्वतः पुढील चौकशी करतो. आत कोणता माल राहणार, हे लिहून घ्यावे. "किरकोळ साहित्य" एवढ्यावर भागवू नये. ट्रक रात्री कोठे उभे राहणार? आवारात की शाळेच्या रस्त्यावर? गोदामाच्या चारी बाजूंनी बंब फिरेल काय, आणि पाण्याची टाकी कोठे? काम करणारे किती, त्यांना पिण्याचे पाणी, संडास, बसावयास सावली कोठे. बायका काम करणार असतील तर त्यांच्यासाठी काय? आणि हमालांची नोंद कोणत्या मंडळाकडे होणार? पूर्वी आमच्या पिढीने शंभर किलोचे पोते उचलले, आता पन्नासचे आले, हे कोणी आपणहून केले नाही. गोदामाची भिंत उभी राहण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते. माल भरल्यावर विचारले तर फाटकावरचा पहारेकरी उत्तर देतो.

जेथे विकास योजना होते त्या शहराच्या रहिवाशांना कायद्याने आणखी एक संधी दिली आहे, आणि ती बहुतेक वाया जाते. योजनेचे प्रारूप तयार झाले की २६ व्या कलमाप्रमाणे ते प्रसिद्ध करावे लागते, आणि ठरलेल्या मुदतीत कोणालाही हरकत किंवा सूचना देता येते. देणाऱ्याचे म्हणणे नियोजन समितीपुढे ऐकले जाते. नकाशा पालिकेच्या कचेरीत लावलेला असतो. बहुधा तो जिन्याजवळच्या अंधाऱ्या भिंतीवर असतो, तेव्हा बॅटरी घेऊन जावे. आपला सर्व्हे नंबर शोधावा, शेजारचा रंग पाहावा, रस्त्याची रुंदी लिहून घ्यावी. हरकत साध्या कागदावर मराठीत लिहिली तरी चालते, वकील लागत नाही. दोन प्रती कराव्यात आणि एकीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्यावी.